स्पा टबच्या पंपाजवळचा पीव्हीसी जोड गळतोय: वरून काही लावून भागेल की कापावाच लागेल?

ओलीफरशी

टबच्या कॅबिनेटखाली पाणी साचायला लागलं म्हणून बाजूचं पॅनेल काढलं. पंपाच्या डिलिव्हरीच्या (पाणी बाहेर ढकलणाऱ्या) तोंडाला युनियन, म्हणजे नट फिरवून खोलता येणारा जोड, आहे. युनियनपासून 2 इंची पाइपचा छोटा तुकडा निघतो, मग 90 अंशांचा एल्बो आणि तिथून पाइप सरळ फोममध्ये शिरतो. एल्बोच्या भोवती पांढरे क्षार जमलेत. पंप बंद असताना मिनिटाला दोन-तीन थेंब पडतात, फुल स्पीडला चालू केला की बारीक धार लागते.

अडचण जागेची आहे. युनियन आणि एल्बो यांच्यामध्ये उघडा पाइप जेमतेम 25 मिमी दिसतो. तो मधोमध कापला तर दोन्हीकडे कपलिंग (दोन पाइप सरळ जोडणारी नळी) बसण्याइतकंही काही उरत नाही. म्हणून प्रश्न:

1. वरून इपॉक्सी पुटी किंवा सोल्यूशनचा जाड थर लावून गळती थांबेल का?
2. कापायचंच झालं तर नेमकं कुठे?
3. टब पूर्ण रिकामा करायचा का? पंपाच्या दोन्ही बाजूंना गेट व्हॉल्व्ह आहेत.
4. जोड केल्यावर पाणी कधी भरायचं?

---

थेंबमोजणी

आधी गळती एल्बोचीच आहे का ते नक्की करा. पाणी पाइपच्या पोटावरून ओघळत खाली येतं आणि सगळ्यात खालच्या जागी थेंब धरतं. पंपाच्या आसपास तीन संशयित असतात: युनियनची ओ-रिंग, पंपाचं शाफ्ट सील (मोटरचा दांडा पंपात शिरतो तिथे पाणी अडवणारं) आणि चिकटवलेला जोड. त्यातला जोड दुरुस्तीला सगळ्यात कटकटीचा, म्हणून त्याच्यावर आरोप सगळ्यात शेवटी ठेवा.

सगळा भाग फडक्याने खडखडीत कोरडा करा. युनियनच्या नटाभोवती, एल्बोच्या दोन्ही तोंडांना आणि पंपाच्या मागच्या बाजूला, जिथे मोटर पंपाच्या प्लॅस्टिक भागाला मिळते, तिथे टिश्यू पेपरची एकेक पट्टी गुंडाळा. पंप बंद ठेवून दहा मिनिटं थांबा, मग लो, मग हाय. पहिली कुठली पट्टी भिजते ते पाहा. पंप चालू असताना आत हात घालायचा नाही, टॉर्च मारून बाहेरूनच बघायचं.

युनियनची पट्टी आधी भिजली तर करवत खाली ठेवा. ब्रेकर पाडून व्हॉल्व्ह बंद करा, नट हाताने खोला, ओ-रिंग काढून तिची खाच पुसा. रिंग चपटी झाली असेल किंवा तिला चीर असेल तर नवी घाला आणि सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवा. पेट्रोलियम जेली नको, ईपीडीएम रबर तिने फुगतं. नट हाताने गच्च, त्यानंतर फार तर पाव फेरी. पान्याने ताकद लावून आवळलेला प्लॅस्टिकचा नट चिरतो आणि रिंग खाचेतून बाहेर सरकते.

मोटर आणि पंप यांच्या मधून थेंब पडत असेल तर ते शाफ्ट सील. तो विषय वेगळा, पाइपाशी संबंध नाही.

---

सॉकेटपुराण

पहिल्या प्रश्नाचं उत्तर नाही, आणि का नाही हे समजलं की पुढचं कामही नीट होतं.

पीव्हीसीचं सॉल्व्हंट सिमेंट, ज्याला आपण सोल्यूशन म्हणतो, ते चिकटवण्याचा डिंक नाही. त्यातलं द्रावक पाइपचा बाहेरचा आणि सॉकेटचा (फिटिंगच्या ज्या तोंडात पाइप शिरतो त्याचा) आतला पृष्ठभाग मऊ करतं. सॉकेट आत किंचित निमुळतं होत गेलेलं असतं, त्यामुळे पाइप दाबून घातला की हे दोन मऊ थर एकमेकांत रुततात आणि द्रावक उडून गेल्यावर एकजीव होतात. म्हणजे ताकद येते ती दाबून बसलेल्या त्या 25-30 मिमी पट्ट्यातून. जोड गळतोय याचा अर्थ त्या पट्ट्यातून आरपार एक वाट तयार झाली आहे. बाहेरच्या कडेला सोल्यूशन थापून ती वाट भरत नाही. पाणी आतून ढकलत राहतं आणि थराला पापडासारखं उचलतं.

इपॉक्सी पुटी थोडी बरी, पण ती पीव्हीसीत मुरत नाही, नुसती वर बसते. त्यात ओल, क्षार, पंपाची थरथर आणि पाणी कधी गार कधी 40 अंश. काही दिवस जातील, पण कापायची वेळ येईल तेव्हा तीच पुटी आधी खरवडावी लागेल. सिलिकॉन सीलंट तर इथे अजिबात नको, दाबाखाली ते पीव्हीसीवर टिकत नाही आणि त्याचा तेलकट अंश राहिला तर पुढे सिमेंटही धरत नाही.

---

पाइपकाप्या

2 आणि 3 ची उत्तरं. तुमच्या रचनेत सुटका युनियनमध्येच आहे. तो 25 मिमीचा तुकडा वाचवायच्या भानगडीत पडू नका.

युनियन खोलली की युनियनचं शेपूट (पाइप ज्यात चिकटवतात तो कॉलर), छोटा तुकडा आणि एल्बो हे सगळं एकसंध सुटं होतं, फक्त पलीकडच्या सरळ पाइपला अडकलेलं राहतं. कापायचं ते त्या सरळ पाइपवर, एकाच ठिकाणी. कापलेला सगळा भाग टाकून द्यायचा. नवं शेपूट, नवा तुकडा, नवा एल्बो आणि एल्बोपुढचा पाइपचा तुकडा हे टेबलावर आरामात जोडायचं. टबाखाली वाकून करायचा जोड मग एकच उरतो: जुन्या पाइपवरचं कपलिंग.

व्हॉल्व्हचं म्हणाल तर पंप आणि एल्बो यांच्या मधे व्हॉल्व्ह नसेल आणि एल्बोच्या पुढे असेल तर टब भरलेला ठेवून काम होईल. पण गेट व्हॉल्व्ह जुना झाला की थेंब सोडतोच, आणि एक थेंब सुद्धा सिमेंटचा सत्यानाश करतो. व्हॉल्व्हच्या पलीकडे कापायचं असेल तर रिकामा करण्याला पर्याय नाही.

खरेदीच्या आधी पाइपवरचा छापील मजकूर वाचा. इंची मापाचा 2 इंची पाइप बाहेरून 60.3 मिमी असतो, दीड इंची 48.3. मेट्रिक पाइप 63 आणि 50 मिमी. दीड इंची पाइप 50 च्या फिटिंगमध्ये जातो, थोडा हलतो, आणि "सोल्यूशन जास्त लावू, भरेल" असा मोह होतो. भरत नाही. सुका पाइप सॉकेटच्या एक तृतीयांश ते दोन तृतीयांश खोलीवर अडकला पाहिजे. खडखडत तळापर्यंत गेला तर ते माप चुकीचं. युनियनचं शेपूट मात्र जुनं सोबत नेऊनच घ्या, कारण नटाचे आटे आणि ओ-रिंगची खाच प्रत्येक कंपनीची वेगळी.

आता क्रम.

ब्रेकर पाडा, त्यावर चिठ्ठी लावा. टब रिकामा करा आणि प्रत्येक जेटच्या तोंडाला ओलं-कोरडं ओढणारा व्हॅक्युम लावून पाइपातलं पाणी खेचून घ्या. नुसता ड्रेन उघडून टब रिकामा होतो, पाइप नाही.

कापण्याआधी पाइपभोवती कागदाची रुंद पट्टी गुंडाळून कडेला कड जुळवा आणि त्या कडेने पेनने रेघ मारा. रेघेवर बारीक दातांची करवत चालवा. करवत फिरायला जागा नसेल तर तार-करवत मागून घालून दोन्ही टोकं आलटून पालटून ओढा. कापल्यावर आतला भुसा बोटाने आणि व्हॅक्युमने काढा, नाहीतर तो फिरत फिरत जेटमध्ये अडकतो. बाहेरच्या कडेला कानशीने सुमारे 2 मिमी उतार द्या. बहुतेक जण हे टाळतात. मग ती धारदार कड आत जाताना सॉकेटमधलं सिमेंट खरवडून पुढे ढकलते आणि तळाशी त्याची गुठळी होते.

मोजमापात फसायची जागा: सुकं बसवून लांबी ठरवू नका. सुका पाइप अर्ध्यातच अडकतो, सिमेंट लावल्यावर तळापर्यंत जातो, आणि तुमची जोडणी दोन-तीन सेंटिमीटर आखूड पडते. प्रत्येक सॉकेटची खोली मोजा, ती लांबीत धरा, आणि पाइपवर त्या खोलीची खूण करा. सिमेंट लावल्यावर पाइप खुणेपर्यंत गेला नाही तर जोड बसलेला नाही. शिवाय तिच्यापासून मोजून थोडी लांब, सगळीकडून दिसेल अशी दुसरी खूण मारा, कारण जवळची सिमेंटखाली पुसली जाते.

एल्बोचा कोन ठरवायला सगळं सुकं जोडून पंपाला लावा आणि प्रत्येक सांध्यावर आडवी रेघ ओढा. चिकटवताना रेघेला रेघ जुळवायची.

आणि शेपूट चिकटवण्याआधी युनियनचा नट पाइपवर घाला. एकदा का शेपूट आणि एल्बो दोन्ही चिकटले की नट घालायला रस्ता नसतो. नटाचे आटे पंपाकडे, उलटा नाही.

---

सॉकेटपुराण

वरच्याला पुरवणी, सिमेंट लावण्याची.

प्रायमर (सिमेंटआधी पृष्ठभाग मऊ करणारं द्रव) आधी सॉकेटच्या आत, मग पाइपवर खुणेच्या थोडं पुढेपर्यंत, मग पुन्हा सॉकेटमध्ये. नखाने ओरखडल्यावर पृष्ठभाग किंचित खरवडला जायला हवा. प्रायमर ओला असतानाच सिमेंट: पाइपवर भरपूर, सॉकेटमध्ये पातळ, पाइपवर परत एक हात. सॉकेटमध्ये जाड थर लावला की तो आत ढकलला जाऊन डबकं होतं आणि त्या जागी पाइपची भिंत मऊ पडते. ब्रश किंवा बोळा पाइपच्या व्यासाच्या साधारण निम्म्या रुंदीचा असावा. दीड-दोन सेंटिमीटरच्या बोळ्याने 2 इंची पाइप रंगवेपर्यंत पहिली बाजू सुकते.

पाइप घालताना पाव फेरी द्या आणि तळाला टेकल्यावर 30 सेकंद दाबून धरा. निमुळतं सॉकेट पाइपला बाहेर ढकलत असतं. पाच सेकंदात हात सोडला तर तो 3-4 मिमी मागे येतो आणि ते कळतही नाही. एकदा टेकल्यावर परत फिरवायचा नाही. सांध्याभोवती सिमेंटची सलग गोल कड दिसली पाहिजे. एखाद्या बाजूला ती तुटलेली असेल तर तिथे सिमेंट कमी पडलं. जास्तीचं पुसून घ्या.

डब्यातलं सिमेंट जेलीसारखं घट्ट झालं असेल तर फेकून द्या, प्रायमर घालून पातळ करू नका. वाफा पेट घेणाऱ्या असतात आणि कॅबिनेट बंदिस्त. सगळी पॅनेल काढा, पंखा बाहेरून हवा आत ढकलेल असा लांब ठेवा, जवळ हीट गन नको. टबाच्या अ‍ॅक्रिलिकवर एक थेंब पडला तरी कायमचा डाग, आणि जांभळ्या प्रायमरचा तर पॅनेलवरही. खाली जाड कापड अंथरा.

---

चारक्लॅम्प

तातडीची सोय म्हणून रबरी स्लीव्ह आणि दोन क्लॅम्प चालतील की. कापायचं, वरून स्लीव्ह चढवायची, आवळायचं, दहा मिनिटांचं काम.

---

पाइपकाप्या

@चारक्लॅम्प, ड्रेनला किंवा दाब नसलेल्या ठिकाणी चालेल. पंपाच्या डिलिव्हरीला नाही. स्लीव्ह पाइपला गोल पकडते, लांबीच्या दिशेने ओढ रोखत नाही. 1 बार दाबालाही 2 इंची पाइपच्या तोंडावर 20 किलोहून जास्त जोर येतो, आणि इथे लगेच एल्बो आहे, म्हणजे तो सगळा जोर सांधा उघडण्याच्या दिशेनेच लागतो. वर पंप लोवरून हायवर जाताना धक्का बसतो तो वेगळाच. निघाली तर टबातलं पाणी काही मिनिटांत मोटरवर.

---

ओलीफरशी

पट्ट्यांची चाचणी केली. युनियन कोरडी, पंपामागे कोरडं. एल्बोच्या पलीकडच्या तोंडाची पट्टी पंप बंद असतानाच भिजली. पण आता नवं संकट: एल्बोपासून फोमपर्यंत सरळ पाइप 4 सेंटिमीटरच दिसतो. आणि टब रिकामा करून व्हॅक्युम लावला तरी त्या पाइपातून दर मिनिटाला एखादा थेंब येतोय. पाइप हाताने किंचित वाकतो, तो लवचीक प्रकारचा असावा का? पंप हलवून पाहिला तर खालचे चारपैकी दोन बोल्ट नाहीतच.

---

पाइपकाप्या

फोम कोरून काढा. हाताने आणि लाकडी पट्टीने तुकडे निघतात. स्क्रू ड्रायव्हर किंवा सुरी पाइपच्या दिशेने कधीच चालवू नका, लपलेल्या बारीक होजला भोक पाडून दुसरी गळती तयार करणं फार सोपं आहे. निदान 15 सेंटिमीटर पाइप चहूबाजूंनी मोकळा करा. ओला झालेला फोम पूर्ण काढून टाका, तो उष्णता धरत नाही आणि पुढे नवी गळती झाली तरी लपवतो. पाइपला चिकटलेला फोमचा थर खरवडून, मग 120 नंबरच्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने साफ करा. जोरात घासून पाइप बारीक करू नका.

थेंबासाठी: पाइपचं तोंड काही वेळ खाली झुकवून ठेवा आणि वरच्या जेटांमधून व्हॅक्युमची फुंकणारी बाजू लावा. तरीही आलं तर सुक्या कापडाचा बोळा पाइपात एक वीत आत सारा, त्याला दोरी बांधलेली हवी आणि दोरीचं टोक सर्वांना दिसेल असं बाहेर. टेबलावरचं काम, कपलिंगची तयारी, प्रायमरसुद्धा त्याच्यासकट. सिमेंटच्या आधी बोळा काढा आणि लगेच जोडा. थेंबाला एक मिनिट लागत असेल तर तुमच्याकडे तेवढाच वेळ आहे, त्यामुळे हा जोड दोघांनी करा: एकाने पाइप, एकाने सॉकेट रंगवायचं.

शेवटचा जोड करताना पंपाचे उरलेले दोन बोल्ट काढून पंप 5-6 सेंटिमीटर मागे सरकवा. जोडणी समोरून कपलिंगमध्ये दाबा, अर्ध्या मिनिटाने पंप पुढे आणून युनियन हलकेच लावा, म्हणजे दोन्ही तोंडं समांतर राहतील. गच्च आवळायचं ते सिमेंट पूर्ण धरल्यावर.

---

सॉकेटपुराण

लवचीक पीव्हीसी असेल तर बाहेरचं माप तेच असतं, त्यामुळे कपलिंग तेच चालतं. सिमेंट मात्र डब्यावर लवचीक पाइपसाठी असं लिहिलेलंच घ्या. हा पाइप आत जाताना दबून मुरगळतो, म्हणून पाव फेरी जमली नाही तरी सरळ रेटा पूर्ण द्या. आणि जोडाच्या लगेच पुढे वळण नको. वाकवलेला पाइप सरळ व्हायला बघतो आणि ओलं सिमेंट एका बाजूने उघडतं. जोडाला लागून 10 सेंटिमीटर तरी सरळ ठेवा, तोवर वळणाला टेकू द्या.

@ओलीफरशी, तुमचा जोड का गेला याचं उत्तर त्या दोन बोल्टांत असण्याची शक्यता मोठी. पंप मोकळा नाचत असेल तर प्रत्येक वेळी चालू होताना एल्बोला पीळ बसतो. नवे बोल्ट आणि खाली रबरी पॅड टाकल्याशिवाय नवा एल्बोही त्याच वाटेने जाईल. जुना एल्बो उभा चिरून आत बघा: पाइप सॉकेटच्या तळापर्यंत गेला नसेल किंवा एका बाजूला पाइपची चकाकी तशीच असेल, तर मुळातच अर्धवट चिकटलेला होता.

---

ओलीफरशी

एल्बो चिरून पाहिला. पाइप तळापासून एक सेंटिमीटर अलीकडेच थांबलाय, आणि खालच्या बाजूला चकाकी आहे. एक शंका राहिली. टबाच्या दुसऱ्या बाजूला एका मॅनिफोल्डच्या (एका पाइपचं पाणी अनेक होजमध्ये वाटणाऱ्या फिटिंगच्या) तोंडालाही क्षार दिसतात. तिथे फिटिंग कापून फेकता येणार नाही, त्यातून सहा होज निघतात.

---

पाइपकाप्या

तिथे सॉकेट वाचवायचा. पाइप फिटिंगच्या तोंडाशी सपाट कापायचा आणि ड्रिलला लावायच्या सॉकेट रीमरने आत उरलेली पाइपची कडी कोरून काढायची. रीमर पाइपच्या आतल्या व्यासात मार्ग धरतो आणि फक्त जुनी भिंत खातो. वेग कमी ठेवा, ड्रिल तिरका झाला की सॉकेट अंडाकृती होतो. गरम झालं की पीव्हीसी वितळून पात्यांना चिकटतं, म्हणून थांबत थांबत. कोरल्यावर नवा पाइप सुका घालून बघा. अडकला तर ठीक, ढिला गेला तर मॅनिफोल्ड बदलण्याची तयारी ठेवा. पाइपच्या आत चिकटवायचे जोडही मिळतात, पण ते वाट अरुंद करतात आणि त्या ओळीतल्या जेटांचा जोर कमी होतो. पण आधी तिथेही टिश्यूची पट्टी लावा, क्षार जुन्या, आपोआप बुजलेल्या ओलाव्याचेही असतात. होजचे क्लॅम्पही तपासा.

---

थेंबमोजणी

चौथा प्रश्न राहिलाच. डब्यावरच्या तक्त्यात कमी वेळ दिसेल, पण गार हवेत आणि दमटपणात तो वाढतो. 24 तास द्या, तापमान 5 अंशांच्या आसपास असेल तर 48. तोपर्यंत पाइपची तोंडं बुच मारून बंद करू नका, जेट आणि व्हॉल्व्ह उघडे ठेवा, नाहीतर कोंडलेल्या वाफा आतून पाइप मऊ करतात.

घाईने कॉम्प्रेसरची हवा भरून चाचणी घेऊ नका. दाबलेल्या हवेने पीव्हीसी फुटलं तर तुकडे उडतात, पाण्याने फक्त गळतं.

पाणी फिल्टरच्या खोबणीतून भरा, म्हणजे पाइपातली हवा पुढे ढकलली जाते. पाणी वरच्या जेटांच्या वर आल्यावर आणि ब्रेकर पाडलेलाच असताना पंपाच्या वरच्या युनियनचा नट अर्धी फेरी सैल करा, हवेची सूं ऐकू येईल. पाणी यायला लागलं की आवळा, सांडलेलं पुसून कोरडं करा आणि मगच ब्रेकर. त्याआधी चालू केलात तर पंप आणि हीटर कोरडे चालतात आणि तापून पंपाजवळचे पाइप आकसतात.

टिश्यूच्या पट्ट्या परत लावा: अर्धा तास बंद, पंधरा मिनिटं लो, पंधरा हाय. मग पाणी 38 अंशांवर गेल्यावर आणखी एकदा, कारण तापल्यावर पाइप लांबतो आणि गारठ्यात गप्प बसलेला सांधा तेव्हा बोलतो. सगळं कोरडं राहिलं तरी दोन-तीन दिवस तो भाग उघडाच ठेवा, फोम नंतर. भरताना पाइपला लागून लोकरी पट्टा टाका. डब्यातला फसफसणारा फोम एका दमात भरला तर फुगताना तुमच्या नव्या एल्बोलाच रेटतो.